टेल दिसली, पण बेट लावायची का?

कटपत्ता

पोकरमध्ये टेल्सचा, म्हणजे खेळाडूची पानं कशी आहेत हे नकळत सांगून जाणाऱ्या त्याच्या खुणांचा, विषय निघाला की चर्चा हमखास एकाच जागी जाते. समोरच्याने मोठी बेट, म्हणजे चिप्सची पैज, लावली आहे. तो थाप मारतोय की खरंच पानं आहेत, हे चेहऱ्यावरून कसं ओळखायचं? माझं म्हणणं असं की तोवर उशीर झालेला असतो. बेट लावल्यावर सगळं टेबल आपल्याकडे बघणार हे त्याला पक्कं माहीत असतं. तो हात आवरून बसतो, नजर एका जागी रोखतो, ओठ मिटून घेतो. त्यात खरं किती आणि दाखवायचं म्हणून दाखवलेलं किती, हे वेगळं काढणं फार अवघड.

माणूस बेसावध असतो तो त्याच्या आधी. पाळी आपली असते, बेट लावायची की चेक करायचं (काही न लावता पाळी पुढे द्यायची) याचा विचार आपण करत असतो आणि त्याला वाटत असतं की आत्ता लक्ष आपल्यावर नाहीच. हा धागा त्या क्षणाबद्दल काढलाय.

फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन सामाईक पानं) उघडतो तेव्हा मी पानांकडे बघत नाही, माणसांकडे बघतो. पानं कुठे जात नाहीत, ती नंतरही बघता येतात. ज्याला फ्लॉप लागला तो बऱ्याचदा नजर चटकन उचलतो आणि नकळत स्वतःच्या चिप्सवर एक कटाक्ष टाकतो. ज्याला काहीच लागलेलं नाही तो पानांकडे बघत राहतो. त्यानंतर, बेट लावण्याआधी, डावीकडे बघायचं. आपल्या डाव्या हाताला बसलेले लोक आपल्यानंतर बोलणार असतात, त्यामुळे तिकडची प्रत्येक हालचाल म्हणजे उद्याची बातमी आज. कुणी पानं बोटांत धरून फेकायच्या तयारीत बसलेला असतो. कुणी पानं नीट खाली ठेवून त्यांवर एक चिप ठेवलेली असते. तो इतक्यात कुठे जाणार नसतो. एवढं बघितलं तरी बेट लावायची की नाही आणि लावायची तर केवढी, याचं निम्मं उत्तर मिळतं.

आता एक डाव सांगतो, त्यावर मतं हवी आहेत. नो-लिमिट होल्डेम (हातात दोन पानं, टेबलावर पाच सामाईक, बेटीला वरची मर्यादा नाही), ब्लाइंड (डावाआधीच्या सक्तीच्या बेटी) 1 आणि 2. बटणावरच्या (फ्लॉपपासून सर्वांत शेवटी बोलणाऱ्या) खेळाडूने 6 केले, मी मोठ्या ब्लाइंडमधून कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले. माझ्याकडे किलवरची राणी आणि किलवरचा गुलाम. पॉट (मधोमध जमलेल्या चिप्स) 13. फ्लॉप: चौकट राणी, इस्पिक नव्वी, इस्पिक चौकी. मी चेक, त्याने 7 लावले, मी कॉल. पॉट 27. टर्नला (चौथं पान) बदाम दुर्री, दोघांचंही चेक. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) इस्पिक सत्ती आली.

सत्ती पडताक्षणी त्याने आपली दोन्ही पानं कोपऱ्यातून उचलून पुन्हा बघितली. मग माझा हात चिप्सकडे गेला तसा त्यानेही चिप्सची एक चळत उचलली आणि टेबलाच्या रेषेपर्यंत पुढे आणून धरली. लावली नाही, नुसती धरली. अंगठ्याने वरची चिप मागेपुढे सरकवत होता.

फ्लशची (एकाच रंगाच्या, इथे इस्पिकच्या, पाच पानांची) शक्यता टेबलावर आहे, माझ्याकडे राण्यांची जोडी आहे, आणि पाळी माझी. तुम्ही काय कराल?

नवा_भिडू

वाचतोय. एक अगदी प्राथमिक शंका. तिसरं इस्पिक आल्यावर त्याने पानं पुन्हा बघितली, म्हणजे फ्लश लागला का याची खात्री करून घेतली ना? मग मला तर ते घाबरण्यासारखं वाटतं.

रिव्हरकाठ

@नवा_भिडू, बरोबर उलटं आहे आणि कारण समजण्यासारखं आहे. हातात दोन इस्पिकं असतील तर माणूस ती विसरत नाही. फ्लॉपवर दोन इस्पिकं आली तेव्हाच त्याला कळलेलं असतं की आपल्याला आणखी एक हवंय, आणि तेव्हापासून तो त्याचीच वाट बघत असतो. ते आलं की पानं बघायची गरजच नसते. पुन्हा बघतो तो ज्याला रंग आठवत नाहीत. सहसा लोकांना पानांचे आकडे लक्षात राहतात, वेगवेगळे रंग राहत नाहीत. आपल्याकडचं एखादं पान इस्पिकचं होतं का, हे त्याला तपासायचं असतं. होल्डेममध्ये टेबलावर तीनच इस्पिकं असताना त्या एका पानाने फ्लश होत नाही.

हाच प्रकार फ्लॉपवर एकाच रंगाची तीन पानं येतात तेव्हा आणखी ठळक दिसतो. तिथे पुन्हा बघणाऱ्याकडे बहुधा त्या रंगाचं एक पान असतं किंवा एकही नसतं, पण तयार फ्लश क्वचितच.

अपवाद आहेतच. काही जण प्रत्येक रस्त्यावर (फ्लॉप, टर्न, रिव्हर) सवयीने पानं बघतात. हा खेळाडू टर्नलाही पुन्हा बघत होता का, हे कटपत्ता यांनी सांगितलं तर बरं.

कटपत्ता

@रिव्हरकाठ, नाही. टर्नला त्याने पानांना हातही लावला नव्हता. त्याआधीही संध्याकाळभर तो पानं एकदा बघून त्यांवर चिप ठेवून द्यायचा. म्हणून तर ते डोळ्यांत भरलं.

निशिगंध

चिप्सची चळत पुढे आणून धरणं मला जास्त बोलकं वाटलं. ज्याला कॉल करायचाच आहे, किंबहुना रेज करायचंय (बेट वाढवायचीय), तो आपल्याला बेट लावू देतो. शांत बसतो, अडथळा आणत नाही. आपला हात चिप्सकडे जाताना जो घाईने स्वतःच्या चिप्स पुढे करतो तो सांगत असतो: लावलीस तर मी कॉल करणार बरं का, विचार कर. त्याला बेट यायला नको आहे. चेक होऊन पानं उघडली गेली तर त्याला हवीच आहेत.

पण इथे एक पायरी सुटते असं मला नेहमी वाटतं. तो कमजोर आहे हे कळलं, इथवर ठीक. पुढे काय? कमजोर म्हणजे फोल्ड करण्याइतका (पानं टाकून देण्याइतका) कमजोर, की कुरकुरत कॉल करण्याइतका? आपण थाप मारणार असू तर पहिला हवा; चांगल्या पानांवर पैसे वसूल करायचे असतील तर दुसरा. एकच टेल, पण आपल्या पानांप्रमाणे तिचा उपयोग बदलतो. कटपत्ता यांच्याकडे राण्या आहेत, म्हणजे त्यांना कॉल हवाय. हा माणूस फ्लॉपवर लावून टर्नला थांबला. नव्व्यांची जोडी, दश्शांची जोडी, राणीबरोबर छोटं पान, असलं काहीतरी. अशी पानं मोठ्या बेटीला जातील, छोट्या बेटीला राहतील. मी 27 च्या पॉटमध्ये 10 लावले असते.

अंकगणित

चर्चा छान चालली आहे, पण माझा मूळ आक्षेप नोंदवतो. टेल ही हो-नाही अशी गोष्ट नाही, आणि बहुतेक लोक ती तशीच वापरतात. हात थरथरला म्हणजे नट्स (त्या डावातली सर्वोत्तम पानं), डोळे चुकवले म्हणजे थाप. असं काही नसतं. एखादी खूण कमजोर पानांबरोबरही दिसते आणि भक्कम पानांबरोबरही. प्रश्न एवढाच की कशाबरोबर किती जास्त दिसते.

उदाहरण घ्या. पॉट 100 आहे, समोरच्याने 100 लावले. तुम्हाला 100 घालून 200 जिंकायचे आहेत, म्हणजे कॉल परवडायला तीनातून एकदा, 33 टक्के वेळा तरी तो थाप मारत असला पाहिजे. आतापर्यंतच्या खेळावरून तुमचा अंदाज आहे की अशा जागी तो 30 टक्के वेळा थाप मारतो. नुसत्या गणिताने फोल्ड. आता एक खूण दिसली. समजा ती खूण थाप मारताना 60 टक्के वेळा दिसते आणि खरी पानं असताना 30 टक्के वेळा. तर 30 चे 60 टक्के म्हणजे 18, आणि 70 चे 30 टक्के म्हणजे 21. एकूण 39 पैकी 18. थापेची शक्यता 46 टक्क्यांवर गेली. सरळ कॉल.

पण खूण इतकी चांगली नसेल, थापेत 35 टक्के आणि खऱ्या पानांत 30 टक्के वेळा दिसत असेल, तर 10.5 आणि 21. बरोबर 33 टक्के. म्हणजे कॉल केला काय, फोल्ड केलं काय, सारखंच. एवढा सगळा अभ्यास करून हाती काय लागलं?

माझा मुद्दा असा की बहुतेक टेल्स या दुसऱ्या जातीच्या असतात आणि लोक त्या पहिल्या जातीच्या समजून वापरतात. शिवाय 30 टक्के हा मूळ अंदाज बेटींच्या इतिहासावरून येतो, चेहऱ्यावरून नाही. तोच चुकला तर पुढचं सगळं वाहून जातं. खोटं ओळखण्याच्या प्रयोगांबद्दल 2006 साली बॉन्ड आणि डीपाउलो यांनी 200 हून अधिक अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढला होता: सर्वसाधारण माणसाचा खरं-खोटं ओळखण्याचा सरासरी अचूकपणा 54 टक्के. नाणं उडवलं तर 50.

शांतपाणी

@अंकगणित, गणित मान्य. पण 54 टक्के हा आकडा अनोळखी माणसाला एकदाच ऐकून ठरवण्याचा आहे. पोकरच्या टेबलावर तुम्ही एकाच माणसासमोर चार-चार तास बसता, आणि कित्येक डावांच्या शेवटी त्याची पानं उघडी पडतात. म्हणजे अंदाज बरोबर होता की चूक, हे तिथल्या तिथे कळतं. ते प्रयोगशाळेत नसतं.

आणि चेहराच का बघायचा? 2013 साली सायकॉलॉजिकल सायन्स या नियतकालिकात मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. त्यांनी 2009 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या चित्रणातल्या छोट्या फिती घेतल्या, ज्यात खेळाडू चिप्स पुढे सरकवतो. काही प्रेक्षकांना पूर्ण वरचं अंग दाखवलं, काहींना फक्त चेहरा, काहींना फक्त हात आणि दंड. प्रेक्षक साधे विद्यार्थी होते. पानं किती चांगली आहेत याचा अंदाज करायचा होता. फक्त चेहरा बघणाऱ्यांचा अंदाज निव्वळ योगायोगापेक्षाही वाईट आला. फक्त हात बघणाऱ्यांचा योगायोगापेक्षा चांगला. चांगली पानं असलेल्यांच्या हालचाली जास्त सफाईदार दिसत होत्या.

परिणाम लहान आहे हे आधीच सांगतो. त्यावर घर बांधायला जाऊ नका. पण दिशा मला पटते. चेहरा सांभाळायचा हे प्रत्येकाला माहीत असतं. चिप्स सरकवणारा हात सांभाळायचा असतो हे फार कमी जणांच्या ध्यानात येतं.

नवा_भिडू

पण मग थरथरणाऱ्या हातांचं काय? ते तर सफाईदार नसतात. मी वाचलंय की हात थरथरले म्हणजे भक्कम पानं.

शांतपाणी

दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात. तो अभ्यास व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रणावर होता. नवशिक्याला मोठी पानं लागली की अंगात एकदम ॲड्रेनॅलिन सुटतं आणि चिप्स ठेवताना हात कापायला लागतात. थाप मारणारा नवशिका उलट स्वतःला आवळून धरतो, त्याचे हात अनेकदा दगडासारखे असतात. म्हणून जो आत्तापर्यंत स्थिर होता आणि ज्याचे हात अचानक कापायला लागले, त्याच्याविरुद्ध मी माझी मधली पानं टाकून देतो.

अचानक हा शब्द महत्त्वाचा. काही जणांचे हात कायमच कापतात. वयामुळे, कॉफीमुळे, पैशाच्या दडपणामुळे. त्यांचं नेहमीचं वागणं काय आहे ते आधी बघितलं नसेल, तर ती खूण शून्य किमतीची.

मध्यरात्र

मी जरा वेगळा सूर लावतो. 2017 च्या जानेवारीत पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध समोरासमोरच्या नो-लिमिट होल्डेमचे 1,20,000 डाव खेळून त्यांना स्पष्टपणे हरवलं. त्याला डोळे नव्हते. समोरच्याचा चेहरा, हात, श्वास, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तो थापाही मारत होता, थापा पकडतही होता, तेही फक्त पानांच्या आणि बेटींच्या आधारावर. 2019 मध्ये त्याच संशोधकांच्या प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावरही तेच करून दाखवलं.

मग आपण नवख्या लोकांना आधी टेल्स का शिकवतोय? आधी रेंज (समोरच्याकडे असू शकतील अशी सगळी पानं), पोझिशन (कोण कुणानंतर बोलतो), बेटीचा आकार. बाकी नंतर.

कटपत्ता

@मध्यरात्र, क्रम तुम्ही म्हणता तोच असावा, त्यात वाद नाही. ज्याला कोणती पानं कुठून खेळायची हे कळत नाही त्याला टेल्स वाचवणार नाहीत. पण लिब्राटसच्या उदाहरणातून मी वेगळा अर्थ काढतो. त्याने दाखवलं की टेल्सशिवाय उत्तम खेळता येतं. टेबलावर समोर पडलेली माहिती घेऊ नये, असं त्याने दाखवलेलं नाही. तो ज्यांच्याविरुद्ध खेळला ते स्क्रीनसमोर बसले होते. त्यांच्याकडून मिळण्यासारखं तेवढंच होतं. माझ्या टेबलावर डावीकडचा माणूस पाळी येण्याआधीच पानं बोटांत घेऊन बसलेला मला दिसतोय. ते मी न बघितल्यासारखं का करू?

उलट अंकगणित यांचं गणित बेट लावण्याच्या बाजूने करून बघा. पॉट 60, माझ्याकडे काही नाही, मी 30 लावून थाप मारायचा विचार करतोय. मला 30 घालून 60 मिळवायचे आहेत, म्हणजे तीनातून एकदा फोल्ड आलं तर बरोबरी. माझा अंदाज 30 टक्के फोल्डचा असेल तर 18 मिळतात, 21 जातात. सरासरी 3 चं नुकसान. आता तोच माणूस पानं फेकायच्या तयारीत दिसला आणि अंदाज 50 टक्क्यांवर गेला. 30 मिळतात, 15 जातात. सरासरी 15 चा फायदा. तोच पॉट, तीच पानं. आणि ही खूण थाप पकडण्याच्या खुणांपेक्षा कितीतरी भरवशाची असते, कारण फोल्ड करायला निघालेल्या माणसाला नाटक करायचं काही कारणच नसतं. त्याच्या मनात डाव संपलेला असतो.

निशिगंध

हे शेवटचं फार पटलं. नाटकाला कारण लागतं. ज्याच्या पुढ्यात अजून काही मिळवण्यासारखं आहे तोच नाटक करतो.

रिव्हरकाठ

2003 च्या वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटमधला शेवटच्या दोघांमधला तो प्रसिद्ध डाव इथे आठवतो. ख्रिस मनीमेकर, पेशाने अकाउंटंट, ऑनलाइन सॅटेलाइट (पात्रता स्पर्धा) जिंकून आलेला. समोर सॅम फराह, मुरलेला व्यावसायिक. 839 खेळाडूंतून हे दोघे उरले होते आणि पहिलं बक्षीस 25 लाख डॉलर होतं. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती, फराहकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी. टेबलावर नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी, तिर्री. टर्नला मनीमेकरला स्ट्रेट (ओळीने पाच पानं) आणि फ्लश दोन्हींचा ड्रॉ होता, म्हणजे दोन्हींना एकेकच पान कमी होतं; रिव्हरला दोन्ही हुकले. तो ऑल-इन गेला, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. फराहकडे टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाची जोडी होती.

फराहने तेव्हा मोठ्याने बोलूनही दाखवलं की तुझा फ्लश हुकला असणार. म्हणजे वाचन अचूक होतं. मनीमेकर जागचा हलला नाही, बोलला नाही, आणि फराहने पानं टाकली. पुढे मनीमेकर जिंकला.

त्या फोल्डवर लोक आजही तावातावाने बोलतात. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की ऑल-इन गेलेल्या, दगड होऊन बसलेल्या माणसाकडून शेवटच्या क्षणी खात्री मिळवायला जाणं, हा वाचनाचा सर्वांत अवघड प्रकार आहे. अंदाज हाताशी असूनही तो पूर्ण सामना पणाला लावण्याइतका पक्का वाटत नाही.

अंकगणित

@रिव्हरकाठ, उत्तम उदाहरण. कटपत्ता यांचा बेट लावण्याआधीच्या खुणांचा मुद्दा मी थोडा कमी लेखत होतो. फोल्डच्या तयारीतल्या माणसाच्या बाबतीत खुणेचं प्रमाण 35 विरुद्ध 30 नसून बरंच जास्त एकतर्फी असणार, हे मान्य.

पण मूळ डावाकडे. चिप्स पुढे धरणारा तो माणूस: कटपत्ता, तुम्ही पहिले बोलणार होतात. तुम्ही चेक केलं असतं तर तो थाप मारण्याची शक्यता किती होती? कारण तो चेकवर बऱ्याचदा थाप मारणारा असेल तर चेक करून कॉल करणं जास्त फायद्याचं. बेट लावून तुम्ही त्याच्या थापा बंद करता.

कटपत्ता

रास्त प्रश्न. माझा अंदाज असा होता की त्याच्याकडे पानं उघडून जिंकण्यासारखं काहीतरी आहे. अगदी काहीच नसतं तर त्याने पानं पुन्हा बघितली नसती आणि चिप्स पुढे करून मला अडवलंही नसतं. शांत बसून माझ्या चेकची वाट बघितली असती आणि मग लावली असती. मधली पानं असलेला माणूस माझ्या चेकवर चेकच करतो. म्हणजे चेक करून मला एक चिपही मिळणार नव्हती.

मी 10 लावले. त्याने थोडा वेळ घेतला, चळतीतल्या दोन चिप्स खालीवर केल्या आणि कॉल केला. चौकटची नव्वी आणि चौकटची अठ्ठी.

अंकगणित

अभिनंदन. तरी एका डावाचा निकाल हा पुरावा नव्हे, हे नोंदवून ठेवतो. तिथे इस्पिकची दोन पानं निघाली असती तरी तुमची बेट बरोबरच होती, जर कॉल आल्यावर तुम्ही निम्म्याहून जास्त वेळा पुढे असाल तर.

कटपत्ता

शंभर टक्के सहमत.

मध्यरात्र

एक गोष्ट विचारायची आहे. चिप्सकडे मुद्दाम हात नेऊन समोरच्याची प्रतिक्रिया काढून घेणं योग्य आहे का? मला हे खटकतं. काही ठिकाणी चिप्ससकट हात पुढे गेला तर ती बेट धरतात, काही ठिकाणी रेष ओलांडल्यावर, काही ठिकाणी चिप्स सोडल्यावरच. या ढिलाईचा फायदा घेऊन हात पुढे-मागे करणारे लोक असतात.

कटपत्ता

मलाही ते आवडत नाही आणि मी ते करत नाही. माझा हात लावायच्याच विचाराने गेला होता. खोटा हात पुढे करून, प्रतिक्रिया बघून मागे घेणं हे टेबलाचं वातावरण बिघडवतं. शिवाय दोनदा केलं की लोक ओळखतात आणि तुमच्या खऱ्या हालचालींनाही प्रतिसाद देणं बंद करतात. नैसर्गिक वेगाने हात न्या आणि नजर खाली चिप्सवर न ठेवता वर ठेवा, एवढंच पुरतं.

निशिगंध

बोलण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. 2006 चा मेन इव्हेंट जेमी गोल्डने 8,773 खेळाडूंतून जिंकला, तो सबंध स्पर्धाभर बोलत होता. कधी खरं, कधी खोटं, इतकं मिसळून की समोरच्यांना शब्दांवरून काही ठरवता येईना.

माझं निरीक्षण असं: बेट लावल्यानंतर जो सैल, मोकळा, वाक्य पूर्ण करत बोलतो त्याच्याकडे बहुतेक वेळा पानं असतात. थाप मारणाऱ्याचे शब्द आखडतात. विचारलं तर एका शब्दाचं उत्तर किंवा तेही नाही. काय बोलला याला मी फार किंमत देत नाही, कसं बोलला याला देते. पण आपण बेट लावायच्या विचारात असताना जो आपणहून स्वतःच्या पानांना नावं ठेवू लागतो, माझ्याकडे काय बाई पत्तेच येत नाहीत वगैरे, त्याच्यापासून मी लांब राहते. खरोखर वाईट पानं असलेल्याला त्यांची जाहिरात करायची गरज पडत नाही, तो टाकून मोकळा होतो.

नवा_भिडू

ऑनलाइन खेळताना यातलं काय उरतं? मी बहुतेक तिथेच खेळतो.

रिव्हरकाठ

वेळ आणि बेटीचा आकार उरतो. क्षणात आलेला कॉल बघा. भक्कम पानं असलेल्याला रेज करावं का हा प्रश्न पडतो, कमजोर पानं असलेल्याला फोल्ड करावं का हा. ज्याला दोन्ही प्रश्न पडले नाहीत त्याच्याकडे ड्रॉ किंवा मधली जोडी असते. म्हणून फ्लॉपला लगेच कॉल आला आणि टर्नला ड्रॉ पूर्ण करणारं पान आलं नाही, तर मी पुन्हा बेट लावतो, तीही जरा मोठी. क्षणात आलेला चेक म्हणजे आधीच बटण दाबून ठेवलेलं असू शकतं. तो डावात फार रमलेला नाही. उशिराला मात्र जपून वागा. तो दुसऱ्या टेबलावर अडकलेला असेल, नेट अडखळलं असेल, फोन आला असेल.

आकाराचं तर वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे. काही खेळाडू चांगल्या पानांवर पॉटच्या दोन तृतीयांश लावतात आणि थापेला निम्मा, आणि हे त्यांना स्वतःला माहीत नसतं.

नवा_भिडू

आणि समोरासमोर बसल्यावर सुरुवात कुठून करू? सगळीकडे एकदम बघायला गेलो तर माझीच पानं विसरतो.

शांतपाणी

डाव्या हाताच्या दोघांपासून. बाकीच्यांना सोडून द्या. तुमच्यानंतर बोलणारे तेच असतात, त्यामुळे तुमच्या सर्वांत जास्त बेटी त्यांच्यावर अवलंबून असतात. आणि तुम्ही पानं टाकल्यानंतर बघा. तेव्हा तुमचे पैसे अडकलेले नसतात, मन शांत असतं, आणि लोक फोल्ड झाल्यावर फोनकडे वळतात म्हणून ही माहिती कुणी उचलतच नाही. डावीकडच्याने बेट लावली की पानं उघडण्याआधी मनात एक अंदाज बांधा: भक्कम, मधली की थाप. पानं उघडली की ताडून बघा. चुकलात तर त्याने चिप्स कशा ठेवल्या होत्या ते आठवा, सरकवल्या की टाकल्या, एका दमात की दोनदा.

स्वतःची पानं मात्र पाळी आल्यावरच बघा. वाटल्याबरोबर उचललीत तर डोळे तुमच्या पानांवर असतील आणि नेमकं तेव्हाच डावीकडचा आपली बघत असेल.

नवा_भिडू

हे पाळी येईपर्यंत पानं न बघणं मी कधी केलंच नव्हतं. पुढच्या बैठकीत डावीकडचे दोघे, एवढंच घेऊन बसतो. काय दिसलं ते इथेच लिहीन.